पाली ते भोर : एकही नोंद नाही

‘कोडिंग न येणाऱ्यांसाठी’ असं कार्यशाळेच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं आणि मी फसले ती तिथेच. भोरच्या एका कॉलेजात मी ऑफिसात काम करते. प्रवेश, दाखले, परीक्षेचे अर्ज, हरवलेली ओळखपत्रं. संगणकाशी माझं वैर नाही, पण फार जिव्हाळाही नाही. ऑफिसातल्या सगळ्यांनी बसलंच पाहिजे असा वरून निरोप आला, म्हणून बसले.

पुण्याहून आलेल्या मॅडमनी भिंतीवरच्या पडद्यावर एक चौकोन ओढून आणला. "ही एक वेबसाइट," त्या म्हणाल्या. शेजारी दुसरा चौकोन आणला. "ही दुसरी." मग माउसने दोन्ही चौकोनांमध्ये एक रेघ ओढली आणि दोन वेबसाइटींवरची माहिती एका तक्त्यात येऊन बसली. एका पानावरचा कांद्याचा भाव आणि दुसऱ्या पानावरचा पाऊस, अगदी शेजारी शेजारी. "तुम्हाला काय विचारायचंय ते फक्त चित्रात मांडा," मॅडम म्हणाल्या, "उत्तर टूल काढून देतं. एक ओळसुद्धा लिहायची नाही." आम्ही टाळ्या वाजवल्या. माझ्या टाळ्या जरा जास्तच जोरात होत्या, कारण मला तेवढ्यात माझा भाऊ आठवला होता. त्याचं तोंड बंद करायला हे हत्यार बरं आहे, असं मनात आलं.

माझं माहेर पाली. गडाच्या पायथ्याचं गाव. माझा थोरला भाऊ, मी त्याला दादा म्हणते, शेती करतो आणि शनिवार-रविवारी गडावर येणाऱ्या ट्रेकर लोकांना जेवण घालतो. पिठलं, भाकरी, ठेचा, कांदा. पुण्याची मंडळी आधी चुलीचे फोटो काढतात आणि मग दोन भाकऱ्या जास्त मागतात. दादाला एकच मुलगी. यंदा ती दहावी झाली, मार्क चांगले पडले आणि अकरावी विज्ञानाला तिचा नंबर आमच्याच कॉलेजात लागला. यादीत तिचं नाव सगळ्यात आधी मी पाहिलं. ऑफिसात पेढे वाटले आणि मग दादाला फोन केला.

"ग्वाड झालं," तो म्हणाला. "पन पाठवायचं न्हाई."

का, तर कारणांची त्याच्याकडे रांग लागलेली. माझ्या घरी ठेव म्हटलं, तर "बहिणीच्या सासरी पोर ठिवू व्हय? लोकं त्वांडात श्यान घालतील." वसतिगृहात ठेव म्हटलं, तर तिथं कोण बघणार. मग रोज ये-जा करू दे म्हटलं, तर तो म्हणाला, "सकाळचं सोड, सकाळी मुक्कामी हाय. येताना काय? दिवं लागायच्या आत पोरगी घरात पायजे. नसरापूरला उतरून फाट्यावर उबी ऱ्हाईल का? तवर पालीची गाडी निगून गेली तर?"

हे वाक्य मी नीट लक्षात ठेवलं. सकाळी मुक्कामी आहे, असं तो स्वतःच्या तोंडाने म्हणाला होता.

मुक्कामी म्हणजे काय हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, पण सांगते. संध्याकाळी आगारातून निघून शेवटच्या गावात थांबणारी आणि पहाटे तिथूनच परत फिरणारी एसटी. ड्रायव्हर-कंडक्टर आमच्या देवळात पथारी टाकतात. त्यांची भाकरी आणि पहाटेचा चहा आमच्या घरून जातो, अगदी वडिलांपासून. मी कॉलेजला गेले ती त्याच गाडीने. तेव्हा सकाळचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता परतीचा. मुक्कामी पालीत पोचेपर्यंत अंधार पडतो, म्हणून दिवसाउजेडी परत यायचं तर गाडी बदलावी लागते हे खरंच होतं. भोरहून नसरापूर, आणि नसरापूरहून वेल्ह्याच्या रस्त्याने मार्गासनीवरून पुढे. दोन गाड्यांच्या वेळा जुळल्या पाहिजेत, आणि कॉलेज सुटण्याची वेळ त्यांच्याशी जुळली पाहिजे, तीही प्रॅक्टिकलच्या दिवशी वेगळी. म्हणजे तीन ठिकाणची माहिती एकत्र करायची. मॅडमनी हेच तर दाखवलं होतं! मी दादाला म्हटलं, "थांब, मी तुला काढूनच दाखवते. मग तरी पाठवशील?"

"दाव की," तो म्हणाला. "म्या कुठं नगं म्हनतुय."

प्रवेशाची शेवटची तारीख तीन आठवड्यांवर होती. मला वाटलं, तीन दिवसांत उरकेल.

पहिला चौकोन मी एका एसटीप्रेमी गृहस्थाच्या पानाला जोडला. त्याने हौसेने आमच्या बाजूच्या सगळ्या गाड्यांच्या वेळा लिहून ठेवल्या आहेत, देव त्याचं भलं करो. पण टूलने त्या पानावरून गाड्यांबरोबर जाहिरातीही ओढून आणल्या. भोरहून सुटणाऱ्या गाड्यांच्या रांगेत गुडघेदुखीचं तेल आणि एक सवलतीतला मिक्सर येऊन बसला. ते गाळायला एक ‘गाळा’ नावाचा चौकोन असतो. तो मी लावला, तर तेलाबरोबर निम्म्या गाड्याही गळल्या. दुसरा चौकोन ट्रेकर लोकांच्या एका वेबसाइटचा, तिथे गडावर कसं यायचं ते सविस्तर दिलेलं. त्यांनी सगळं वर्णनात लिहिलेलं. हिरवीगार झाडी, दमलेले पाय, गरमागरम चहा, आणि मध्येच कुठेतरी गाडीची वेळ. टूलला तक्ता लागतो. त्याला झाडीतून वेळ शोधता येईना. शेवटी त्या वेबसाइटच्या तळाशी मला एक छोटा तक्ता सापडला तेव्हा मी ऑफिसात एकटीच "सापडलं!" म्हणून ओरडले. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना वाटलं, हरवलेला शिक्का सापडला.

मग दोन्ही जोडायची वेळ आली. टूल विचारतं, कोणत्या रकान्यावर जोडू? मी म्हटलं, नसरापूरवर जोड. त्याने नसरापूरला येणारी प्रत्येक गाडी नसरापूरहून सुटणाऱ्या प्रत्येक गाडीला जोडली. पहाटे उतरलेला माणूस संध्याकाळच्या गाडीची वाट बघतोय आणि संध्याकाळी उतरलेला माणूस सकाळीच निघून गेलेल्या गाडीत चढतोय, असा सगळा गोंधळ. तक्ता खाली सरकवत सरकवत माझं बोट दुखायला लागलं. एका पानावर ‘सायं. ५.४५’ आणि दुसऱ्यावर ‘१७:४५’. हे एकच, हे मला आणि तुम्हाला कळतं. टूलला ते कळेना. लाल त्रिकोण यायचा आणि त्याखाली इंग्रजीत काहीतरी. मदतीसाठी व्हिडिओ लावला, तर त्यात एक गृहस्थ हिंदीतून मोठ्या शहरातली पिझ्झाची दुकानं नकाशावर मांडत होते. माझ्या डोक्यात गेलं.

मला एक सांगा, एक ओळही लिहायची नाही म्हणताना या लोकांची जीभ कशी अडखळत नाही? ओळ लिहायची नसेल, पण प्रत्येक चौकोनाच्या पोटात दहा खटके. प्रत्येक खटक्याचा अर्थ कुणाला तरी विचारायचा, आणि ज्यांना विचारायचं त्या मॅडम पुण्याला गेलेल्या. त्यांना मेसेज केला तर दुसऱ्या दिवशी अंगठा आला. नुसता अंगठा. घरी सासूबाई विचारायच्या, "आज तरी गाडी आली का गं तुझी?" नवरा काही बोलायचा नाही, फक्त भाजी स्वतःच फोडणीला टाकायचा. तो न बोलता भाजी करतो तेव्हा समजायचं, की माझं आता अति झालंय.

आणि तरी जमलं. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी परतीचा रस्ता स्वच्छ दिसला. प्रॅक्टिकलचा दिवस धरूनसुद्धा पोरगी दिवे लागायच्या आत पालीत. मला इतका आनंद झाला, की मी डोक्याने विचार करायचा सोडून दिला. म्हटलं, नुसता परतीचा का, आता जाण्या-येण्याचं सगळंच एकत्र दाखवू. सगळ्यात वर एक शेवटचा चौकोन लावला : पालीहून सकाळी निघून भोरला, आणि भोरहून पालीला, एकाच दिवशी. दोन्ही जमत असेल तरच दाखव. टूलमध्ये ‘शेअर’ नावाचं बटण होतं. ते दाबलं की समोरच्या माणसाला फोनवर आपला तक्ता दिसतो, आणि आपण काही बदललं की त्याच्याकडेही बदलतं. मी ते दाबलं आणि दादाला पाठवलं. वर लिहिलं, ‘तूच बघ.’ चहा प्यायला गेले. परत आले तेव्हा दादाने भावकीच्या ग्रुपवर एक फोटो टाकलेला होता. माझ्याच तक्त्याचा.

‘पाली ते भोर ते पाली, सोमवार ते शनिवार : एकही नोंद सापडली नाही.’

खाली दादाने लिहिलं होतं, ‘बहिणीनं कंप्युटरवर काढलं आहे. गाडी नाही.’ त्याच्याखाली चुलत्यांचे, मावसभावांचे हात जोडलेले. एकाने तर ‘शिक्षणाचा फायदा’ असंही लिहिलं.

मी फोन लावला. "दादा, सकाळी मुक्कामी हाय असं तूच म्हनलास ना?"

"म्हनलो आसंल."

"आसंल न्हाई, म्हनलास. रोज पहाटं तू तिच्या डायवरला चा देतोस."

"ते खरं," तो शांतपणे म्हणाला. "पन कंप्युटर न्हाई म्हनतुय. आमी अडानी मानसं, आमी काय बोलावं?"

माहेरच्या माणसाशी बोलताना माझी भाषा आपोआप पालीची होते, आणि रागात तर जास्तच. त्या दिवशी मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून जे काही बोलले, ते ऐकून दोन विद्यार्थी वरच्या वर परत फिरले. दादावर चिडले, की टूलवर, की माझ्यावर, ते मला सांगता येणार नाही. सगळ्यांवरच. त्याच्या दारातली गाडी, तिचा हॉर्न झाल्याशिवाय त्याचा दिवस उजाडत नाही, आणि हा माणूस मला फोनवर सांगतो की ती नाही.

चूक कुठे झाली हे कळायला मला संध्याकाळ लागली, आणि कळल्यावर तर हसावं की रडावं समजेना. त्या एसटीप्रेमी गृहस्थाने गाड्या जिथून सुटतात तिथल्या वेळा लिहिल्या होत्या. मुक्कामी सुटते भोरहून, संध्याकाळी. ती ओळ तक्त्यात होती. सकाळी ती कुठल्या आगारातून सुटतच नाही, पालीहून फक्त परत येते. त्यामुळे सकाळच्या गाड्यांत तिचं नावही नाही. ट्रेकर लोकांच्या तक्त्यातही नाही, कारण ट्रेकर पुण्याहून येतो, पहाटे पालीहून भोरला कशाला जाईल. आमच्या लेखी ती सकाळची गाडी. सगळा गाव तिला सकाळची गाडीच म्हणतो. म्हणून ती तक्त्यात आहे की नाही हे बघायचं माझ्या मनातही आलं नाही. घरातल्या माणसाची हजेरी कोण घेतं?

मग मी ती आणायच्या मागे लागले. काल संध्याकाळी पालीत आलेली गाडी आज सकाळी पालीहून निघते, एवढंच टूलला सांगायचं होतं. एवढंच! आणण्याचा चौकोन होता, गाळण्याचा होता, जोडण्याचा, मोजण्याचा, चढता-उतरता क्रम लावण्याचा. गाडी मुक्कामाला थांबून सकाळी परत फिरते हे सांगणारा चौकोन नव्हता. टूलच्या दृष्टीने गाडी रात्री आली की तिचा दिवस संपला आणि ती गाडीही संपली. तारखेचा रकाना जोडून पाहिला, एक दिवस पुढे ढकलून पाहिला, तर सोमवारची गाडी रविवारी सुटायला लागली. ते सावरलं, तर परतीचा रस्ता मोडला. एक रेघ काढली की तीन रेघा तुटायच्या. मी माउस आपटला. तो सरकारी माउस होता आणि अजूनही त्याचं डावं बटण नीट चालत नाही.

असे बरेच दिवस गेले. शेवटी मी सरळ त्या तक्त्यात हाताने एक ओळ भरली. पालीहून पहाटे, भोरला कॉलेज भरायच्या आधी. भरताक्षणी सगळं जुळलं. सोमवार ते शनिवार, बरोबरच्या हिरव्या खुणा ओळीने. फक्त मी भरलेली ओळ पिवळी दिसत होती. हाताने भरलेली माहिती टूल पिवळ्या रंगात दाखवतं आणि तो रंग काही केल्या जात नाही. मला त्या पिवळ्याची फार फिकीर वाटली नाही. त्यात खोटं काय होतं?

प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी ऑफिस सुटल्यावर मी मुक्कामी गाडीनेच पालीला गेले. लॅपटॉप पिशवीत, कॉलेजचा प्रवेशाचा अर्ज पिशवीत, दादाच्या सहीपुरता. म्हटलं, फोनवर नको. समोर बसवून दाखवते.

भाची धावत बाहेर आली. माझ्या हातातली पिशवी तिने घेतली आणि हळूच विचारलं, "आत्या, जमलं का तुमचं?"

"जमलं," मी म्हटलं. ती इतकी हसली, की मला माझा सगळा राग फिटल्यासारखा वाटला.

जेवायच्या आधी मी ओसरीवर लॅपटॉप उघडला. वहिनी कणगीला टेकून उभी राहिली. दादाने चष्मा लावला आणि अगदी मन लावून पाहिलं. हिरव्या ओळींवरून बोट फिरवत तो पिवळीपाशी आला.

"ही येगळी का?"

"ती मुक्कामी. ती तक्त्यात नव्हती, म्हणून मी भरली."

"म्हंजी तू घातलीस व्हय." त्याने चष्मा काढला. "मग तसं काय बी घालता येतंय की. उद्या तू इमान घालशील."

"अरे, पण ती गाडी खरी हाय! आत्ता मी तिच्यातनंच उतरले!"

"खरी हाय तर कंप्युटरला का ठावं न्हाई?"

वहिनी म्हणाली, "वन्सं, चला, पानं वाढली." भाचीने लॅपटॉपचं झाकण हलकेच मिटलं आणि तो सारवलेल्या ओल्या जमिनीवरून उचलून ठेवला. मला माझ्या भावाचा इतका राग आला होता की मी तिसरी भाकरी मागितली, नुसती मी शांत आहे हे त्याला दाखवायला.

पहाटे हॉर्न झाला. शनिवार होता. भाची केव्हाची उठून चुलीपुढे बसली होती. पुण्याची मंडळी खाली उतरायच्या आत भाकऱ्या तयार हव्यात. मी तोंड धुऊन बाहेर आले तर देवळापुढे गाडी तोंड फिरवून उभी, इंजिन घरघरतंय, आणि दादा चहाची किटली घेऊन तिच्याजवळ. ड्रायव्हर वर चढून बसलेला. कंडक्टरने चहाचा पेला घेतला आणि म्हणाला, "काय मालक, पोरीचा नंबर लागला म्हनं भोरला. पुढली शीट धरून ठिवत जाऊ का रोज?"

"कुठली शीट?" दादा दुसऱ्या पेल्यात चहा ओतत म्हणाला. "सकाळची गाडी न्हाई म्हनं भोरला. हिनंच काढलंय."

कंडक्टरने दादाकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तो इतका हसला की चहा त्याच्या खाकी शर्टावर सांडला. ड्रायव्हरही हसला. दादा हसला नाही. त्याचा एक हात गाडीच्या दाराच्या दांड्यावर होता.

"दादा," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता आणि मी तो उतरू दिला नाही. "हात कशावर ठिवलाय तुजा? ही काय हाय मग? बैलगाडी?"

त्याने हात काढला नाही. किटली मात्र खाली ठेवली.

"गाडी हाय हे मला ठावं न्हाई व्हय?" तो म्हणाला. "ह्याच गाडीनं तू गेलीस. आदी रोज यायचीस. मग शनवारी यायला लागलीस. मग सणाला. मग तुजं लगीनच तिकडं झालं. आता येतीस कवा? जत्रंला. जेवतीस आन् सकाळच्या गाडीनं जातीस. मला एकच पोर हाय."

मला हे त्याच्या तोंडून कधी ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं. वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त संताप आला. "मी गेले म्हनून माझं काय वाईट झालं? माझा पगार हाय, माझं घर हाय. आन् हे आदी का न्हाई बोललास? तीन आठवडं मी त्या चौकटी जोडती हाय, दादा! रोज. घरचं समदं नवऱ्यावर टाकून."

"तू इचारलंस कवा?" तो म्हणाला. "तू नुसतं गाडीचं इचारत हुतीस."

कंडक्टर रिकामा पेला हातात घेऊन उभा होता. तो आता हसत नव्हता. तो पलीकडे जाऊन उगाच टायरकडे बघत राहिला.

"बरं," मी म्हटलं. "आता इचारते. आज शेवटची तारीख हाय. पाठिवतोस का तिला?"

दादाने घराकडे पाहिलं. भाची दारात उभी होती, मनगटापर्यंत पीठ. तिने सगळं ऐकलं होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"न्हाई," दादा म्हणाला.

एवढं सोपं उत्तर होतं. ती आत गेली. थोड्या वेळाने परातीत भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला, आधीच्यासारखाच, न चुकता. वहिनी माझी पिशवी घेऊन आली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "गाडी निगंल, वन्सं."

मी चढले. पुढच्याच सीटवर खिडकीशी बसले. दादा खाली उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही, आणि मला ठाऊक आहे की त्यानेही माझ्याकडे पाहिलं नाही. कंडक्टर मशीन घेऊन आला. "एकच ना ताई?" त्याने विचारलं. तो सहज विचारत होता, रोज सगळ्यांना विचारतो तसं.

"एकच."

त्याने बायकांचं अर्धं तिकीट काढून दिलं. मी रडले का, असं मला नंतर नवऱ्याने विचारलं. नाही रडले. इतकी चिडले होते, की रडायला जागाच नव्हती. कॉलेजच्या खिडकीपाशी ती फाइल घेऊन उभी राहिली असती तर मी तिचा अर्ज स्वतः घेतला असता, शिक्का मारला असता, आणि तिला कँटीनमध्ये वडापाव दिला असता, एवढंच डोक्यात फिरत होतं. सही न झालेला अर्ज पिशवीत लॅपटॉपखाली दबून चुरगळला होता. तो सरळ करायलाही माझे हात उठले नाहीत.

मार्गासनीला गाडी थांबली आणि दारातून मुली चढायला लागल्या. गळ्यात ओळखपत्रं, पाठीवर बॅगा, कुणाच्या हातात प्रॅक्टिकलची वही, कुणाचे केस अजून ओले. काही आमच्याच कॉलेजच्या होत्या, त्यांनी मला ओळखून "गुड मॉर्निंग मॅडम" म्हटलं. गाडी बघता बघता भरली. कंडक्टर "आत सरका, आत सरका" ओरडत होता. एका मुलीने दांडा धरून माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

"मॅडम, इथं कुणी आहे का?"

"नाही," मी म्हणाले, खिडकीकडे सरकले आणि तिची बॅग मांडीवर घेतली.